कॅरमल ॲपल घरी करताना: पाकाला ओल खपत नाही

कॅरमल ॲपल म्हणजे काडी खोचून मऊ कॅरमलमध्ये बुडवलेलं सफरचंद. पहिल्या वर्षी केलेल्या आठही सफरचंदांवरून कॅरमल रात्रीतून खाली घसरलं. सकाळी ट्रेवरचा कागद काढला तर सफरचंदं वरून उघडी पडलेली आणि प्रत्येकाच्या बुडाशी तपकिरी थारोळं. कॅरमल चवीला छान होतं, पाकही जमला होता, मग चुकलं कुठे ते कळेना. शेजारच्या आजी जन्मभर न्यू जर्सीत राहिलेल्या. त्यांनी टोपलीतलं एक कोरं सफरचंद उचललं आणि सालीवरून नख ओढून माझ्यापुढे धरलं. नखाखाली पांढुरका पापुद्रा होता. मेण. मग दुसरं सफरचंद फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवलं आणि थांबायला सांगितलं. पाच मिनिटांत त्याच्यावर बारीक दव धरलं. "आता सांग, याला काय चिकटणार?" एवढंच म्हणाल्या.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दर ऑक्टोबरात आमच्याकडे दिवाळीच्या फराळाची तयारी आणि हॅलोविनची कॅरमल ॲपल पुढेमागे एकाच ओट्यावर होतात. त्यामुळे मला खात्रीने सांगता येईल, की ज्या घरात तिळाचे लाडू होतात त्या घरात कॅरमल अवघड नाही. पाक ओळखणारा हात आपल्याकडे असतोच. अवघड आहे ते सफरचंद. ते रसाने भरलेलं फळ आहे, सालीतून, देठातून, काडीच्या भोकातून ओल बाहेर टाकत राहतं. पुढे सांगितलेली जवळजवळ प्रत्येक पायरी त्या ओलीला कॅरमलपासून लांब ठेवण्यासाठी आहे.

आधी नावाचा घोळ मिटवू

जत्रेत मिळतं ते लालभडक, काचेसारखं कडक आवरणाचं सफरचंद वेगळं, त्याला कँडी ॲपल म्हणतात. ते आमच्याच राज्यातलं: न्यू जर्सीतल्या न्यूअर्कच्या विल्यम कोल्ब नावाच्या मिठाईवाल्याने १९०८ मध्ये नाताळासाठी दालचिनीची लाल गोळी करताना त्या पाकात सफरचंदं बुडवून दुकानात मांडली, असं सांगतात. त्याचा पाक १५० अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे चिक्कीच्याही पुढे नेतात आणि त्यात दूध-लोणी काही नसतं. कॅरमल ॲपल बरंच नंतरचं. १९५० च्या दशकात क्राफ्ट या अमेरिकी खाद्यपदार्थांच्या कंपनीतल्या डॅन वॉकर यांनी हॅलोविननंतर उरलेल्या कॅरमलच्या वड्या वितळवून त्यात सफरचंदं बुडवली, अशी त्याची कथा सांगितली जाते. याचं आवरण मऊ असतं, दात रुततो, चावताना थोडं ओढलं जातं. शिकागोकडे यालाच टॅफी ॲपल म्हणतात आणि त्यावर शेंगदाण्याची भरड हवीच.

आपण आज हे मऊ, दुधाचं कॅरमल करणार आहोत.

सफरचंद

आंबट, कडक आणि लहान. या तीनपैकी एकही गोष्ट सोडू नका.

कॅरमल कमालीचं गोड असतं, त्याखाली गोड सफरचंद असेल तर तिसऱ्या घासाला तोंड मिटतं. म्हणून हिरवं ग्रॅनी स्मिथ. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळ मारिया ॲन स्मिथ या बाईंच्या बागेत १८६८ च्या सुमारास हे झाड आपोआप उगवलं, त्यांचंच नाव त्याला आहे. आंबटपणा आणि करकरीतपणा या दोन्हींत त्याला तोड नाही. इकडे ईशान्येच्या राज्यांत जुनी माणसं मॅकिंटॉश घेतात. ते सुवासिक असतं, पण मला जरा मऊ वाटतं. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये बाजारात आणलेलं हनीक्रिस्प खायला अप्रतिम, पण ते फार मोठं आणि फार रसाळ. कॅरमलसाठी मी ते घेत नाही. रेड डिलिशस तर अजिबात नको, त्याचा गर लवकर रवाळ होतो.

पुण्या-मुंबईत करणाऱ्यांना हिरवं ग्रॅनी स्मिथ मोठ्या फळवाल्यांकडे मिळतं. आयात केलेलं असतं आणि महाग पडतं, तरी पहिल्यांदा करताना तेच घ्या. हिमाचल-काश्मीरचं लाल सफरचंद वापरायचंच असेल तर हंगामाच्या सुरुवातीचं, दाबून पाहिल्यावर अजिबात न दबणारं निवडा आणि कॅरमलमध्ये मीठ चिमूटभर जास्त घाला.

आकार मुठीएवढा, साधारण १५० ग्रॅम. मोठं सफरचंद दिसायला भारी, पण काडीला पेलत नाही आणि कुणाच्यानेही संपत नाही. डाग, चीर किंवा किड्याचं भोक असलेलं फळ बाजूला ठेवा, तिथून रस पाझरतो.

मेण काढणं: ही पायरी गाळू नका

सफरचंदाला स्वतःचं नैसर्गिक मेण असतं. बागेतून आल्यावर धुताना त्यातलं बरंचसं जातं, म्हणून पाठवण्याआधी वरून खाण्यायोग्य मेणाचा पातळ थर देतात. कारनौबा नावाच्या ताडाच्या पानांचं मेण किंवा लाखेपासून केलेलं शेलॅक. खायला अपायकारक नाही, पण त्यावर कॅरमल टिकत नाही.

मोठ्या पातेल्यात दोन लिटर पाणी उकळा, त्यात दोन मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला. झाऱ्यावर एकेक सफरचंद घेऊन दहा सेकंद बुडवा. वीस नाही. जास्त ठेवलं तर साल शिजते आणि खालचा गर मऊ पडतो. बाहेर काढल्याबरोबर, साल गरम असतानाच, खरखरीत सुती पंच्याने जोर लावून पुसा. मेण मऊ असतं तेव्हाच निघतं. थंड झालं की परत घट्ट बसतं. चार-पाच सफरचंदांनंतर पंचा हाताला बुळबुळीत लागायला लागतो, तेव्हा कोरडा भाग पुढे घ्या. नीट पुसलेलं सफरचंद चकचकीत दिसत नाही, मंद दिसतं. बोट फिरवलं की ते सरकत नाही, अडतं. तेवढं अडायला लागलं की झालं.

स्वतः बागेत जाऊन तोडलेल्या सफरचंदांवर बाहेरून लावलेलं मेण नसतं, पण मूळचं असतंच. त्यांनाही हाच उपचार करा.

आता देठ पिरगाळून काढा आणि सफरचंदं मोकळ्या हवेत, एकमेकांना न चिकटवता, किमान तीन तास ठेवा. मी आदल्या रात्री मेण काढते आणि सकाळी कॅरमल करते. काही पाककृतींमध्ये सफरचंदं फ्रिजमध्ये गार करायला सांगतात, कारण गार फळावर कॅरमल पटकन आळतं. ते खरं आहे, पण त्या फळावर दव धरतं हेही तितकंच खरं. ऑक्टोबरात इकडे हवा कोरडी असते. मुंबईत पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत तर गार सफरचंद बाहेर काढताच ओलं होईल. घरातल्या हवेइतकं गरम, पूर्ण कोरडं सफरचंद, एवढाच नियम मी पाळते.

काडी मात्र शेवटी, कॅरमल चुलीवर चढल्यावरच खोचायची. आइस्क्रीमची जाड काडी चालते, बांबूची चॉपस्टिक अर्धी तोडून उत्तम. देठाच्या खळग्यातून सरळ, फळाच्या पाऊण उंचीपर्यंत. आरपार गेली तर बुडातून रस गळेल. खोचल्यावर काडीभोवती रसाचा थेंब येतो, तो कोरड्या फडक्याने टिपा. दहा मिनिटांनी परत पाहा, परत आलेला असतो. परत टिपा.

कॅरमलचं साहित्य

आठ लहान सफरचंदांसाठी, आणि थोडं उरेल असं:

ब्राउन शुगर ३०० ग्रॅम
बिनमिठाचं लोणी १५० ग्रॅम
कंडेन्स्ड मिल्क एक डबा, साधारण ४०० ग्रॅम
कॉर्न सिरप (मक्यापासून केलेला ग्लुकोजचा पाक) १६० मिलिलिटर, किंवा लिक्विड ग्लुकोज २०० ग्रॅम
मीठ अर्धा लहान चमचा
व्हॅनिला इसेन्स एक लहान चमचा

कमी करता येणार नाहीत अशी मापं आहेत ही. मुख्य म्हणजे सिरप वगळू नका. साखरेच्या पाकाचा स्वभाव परत दाणे धरण्याचा असतो. आपल्या आया-आज्या पाकात लिंबाचे चार थेंब पिळत, ते याचसाठी. आंबटामुळे साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतो आणि ते दाणा धरू देत नाहीत. इथे दूध असल्यामुळे लिंबू चालणार नाही, नासेल. म्हणून ग्लुकोज आयतं घालायचं. भारतात केकचं साहित्य मिळतं त्या दुकानांत लिक्विड ग्लुकोज सहज मिळतं. ते इतकं चिकट असतं की चमच्याने निघत नाही. हात पाण्यात बुडवून गोळा उचला, बोटांना चिकटत नाही.

ब्राउन शुगरऐवजी गूळ घालण्याचा मोह प्रत्येक मराठी माणसाला होतोच. मलाही झाला. कोल्हापुरी गूळ किसून घातला आणि दहाव्या मिनिटाला पातेल्यात बारीक कणीदार चोथा आणि वर तुपाचा तवंग अशी अवस्था झाली. गुळात आंबटपणा असतो आणि तापलेलं दूध त्याने फाटतं. गुळाची खीर करताना आपण गूळ शेवटी, आंच बंद करून घालतो ते उगाच नाही. इथे तर वीस मिनिटं उकळायचं आहे. ब्राउन शुगर मिळाली नाही तर साधी साखर घ्या. रंग फिका येईल, पण फाटणार नाही. जाड दाण्याची डेमेरारा साखर असेल तर मिक्सरमधून फिरवून घ्या.

पातेलं आणि तापमापक

पातेलं जाड बुडाचं आणि किमान तीन लिटरचं हवं. साहित्य जेमतेम एक लिटर असलं तरी उकळताना ते दुप्पट-तिप्पट फुगून वर येतं. पातळ बुडाच्या ॲल्युमिनियमच्या भांड्यात दूध हमखास करपतं. ढवळायला लांब दांड्याचा, टोक सपाट असलेला लाकडी उलथा किंवा सिलिकॉनचा स्पॅट्युला, म्हणजे कानाकोपऱ्यातलं खरवडलं जातं.

तापमापक असेल तर आधी तो तपासून घ्या. पाणी खळखळ उकळा, टोक पाण्यात बुडेल पण बुडाला लागणार नाही असं धरा आणि आकडा पाहा. समुद्रकाठी १०० अंश सेल्सियस यायला हवा. जसजसं उंचावर जाल तसं पाणी कमी तापमानाला उकळतं, ढोबळ मानाने दर ३०० मीटरला एक अंश. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे ९८ च्या आसपास येतो. अमेरिकेतल्या डेन्व्हरला १६०० मीटरवर ९५. पाकातलं पाणीही याच हिशोबाने उडतं. म्हणून तुमच्याकडे १०० पेक्षा जितके अंश कमी आले तितके पुढच्या आकड्यांतूनही वजा करा. ११६ लिहिलं असेल तर पुण्यात ११४, डेन्व्हरला १११. तिथे ११६ पर्यंत नेलं तर कॅरमल दाताला झोंबण्याइतकं घट्ट होतं, आणि करणाऱ्याला वाटतं कृतीच चुकीची आहे.

कॅरमल

सुरू करण्याआधी बटर पेपर पसरून त्यावर लोणी चोळून ठेवा, गार पाण्याची एक वाटी हाताशी ठेवा, लहान मुलांना स्वयंपाकघराबाहेर पाठवा. बुडवायला ती येतील, उकळताना नकोत. हा पाक उकळत्या पाण्याहून गरम असतो आणि कातडीला चिकटून राहतो. चटका बसलाच तर लगेच नळाच्या गार वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, तूप नाही.

लोणी मंद आंचेवर वितळवा. त्यात साखर, सिरप, कंडेन्स्ड मिल्क, मीठ घाला आणि साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आंचेवरच ठेवा. याला आठ-दहा मिनिटं लागतात आणि इथे घाई करणारे नंतर पस्तावतात. उलथ्यावरचं थोडं कॅरमल थंड बशीच्या काठावर पुसा, किंचित निवलं की बोटाने चोळा. कचकच लागली तर साखर आहे अजून. भांड्याच्या कडेला उडालेले साखरेचे दाणे ओल्या ब्रशने पुसून आत ढकला. त्यातला एक दाणासुद्धा नंतर सगळ्या कॅरमलला रवाळ करू शकतो.

मग आंच मध्यम करा आणि ढवळणं थांबवू नका. भरभर ढवळायची गरज नाही, पण उलथ्याचं टोक सतत बुडाला लागलं पाहिजे. दुधातली प्रथिनं तळाशी बसतात आणि एका मिनिटात काळे ठिपके वर यायला लागतात. असे ठिपके दिसले तर खरवडू नका. वरचं कॅरमल दुसऱ्या पातेल्यात ओता आणि पुढे चालू ठेवा.

सुरुवातीला बुडबुडे बारीक, फेसाळ असतात आणि सगळं वर चढतं. १०५ च्या पुढे फेस बसतो, बुडबुडे मोठे आणि जड होतात, फुटताना पुटपुट आवाज येतो. इथे तापमापक बराच वेळ हलत नाही. पाणी उडतंय, ते पुरेसं उडेपर्यंत आकडा चढत नाही. धीर धरा, आंच वाढवू नका. ११० च्या आसपास वास बदलतो. आतापर्यंत नुसता गोड दुधाचा वास असतो, आता बासुंदीच्या पातेल्याच्या खरवडीसारखा खमंग वास सुटतो. त्याचं कारणही तेच आहे: दुधातली प्रथिनं आणि साखरा तापून तपकिरी होतात. निव्वळ साखर जळून रंग यायला १६० अंशांच्या पुढे जावं लागतं, आपण तिथे पोचतच नाही. नावात कॅरमल असलं तरी ही चव पेढ्याच्या जातीची आहे, आणि मला ती म्हणूनच इतकी ओळखीची वाटते.

११६ अंशांना, अमेरिकी तापमापकावर २४० फॅरनहाइटच्या किंचित पुढे, आंच बंद. आकडा आला तरी वाटीची परीक्षा मी कधी सोडत नाही. गार पाण्यात कॅरमलचा अर्धा चमचा सोडा, पाच सेकंद थांबा, बोटांनी पाण्यातच गोळा करा. तिळाच्या लाडवांना आई पाकाची गोळी करून ताटलीत टाकायची आणि टण्ण आवाज आला की कढई खाली घ्यायची. इथे आवाज आला तर आपण फार पुढे गेलो. इथे हवी ती मऊ गोळी. पाण्यात गोल राहते, बाहेर काढून तळहातावर ठेवली की हळूहळू बसकी होते, पण पसरत नाही. घट्ट मळलेल्या कणकेइतकी. पाण्यातच पसरली, तार ओढली गेली, तर अजून दोन मिनिटं. कडक झाली तर दोन मोठे चमचे गरम साय किंवा क्रीम घालून परत एक उकळी आणा आणि परत तपासा.

व्हॅनिला आंच बंद झाल्यावर. घालताना वाफेचा भपका येतो, तोंड लांब ठेवा.

बुडवणं

कॅरमल ढवळून ढवळून ९० अंशांपर्यंत निवू द्या. याला दहा-बारा मिनिटं लागतात. फार गरम असताना बुडवलं तर ते पातळ असतं, सफरचंदावर थर बसत नाही, सगळं ओघळून खाली येतं. शिवाय आत हवेचे बुडबुडे राहतात. तापमापक नसेल तर उलथा उचलून पाहा. कॅरमलची जाड पट्टी पडावी आणि पृष्ठभागावर दोन-तीन सेकंद तिची घडी दिसावी.

पातेलं एका बाजूला कलतं करा म्हणजे कॅरमल खोल होईल. काडी धरून सफरचंद आडवं करून गोल फिरवा. काडीभोवतीची जागा नीट भरली पाहिजे, तिथे फट राहिली तर रस तिथूनच बाहेर येतो. उभं उचला आणि घाई न करता गळू द्या, वीसपर्यंत मोजा. मग बूड पातेल्याच्या काठावर हलकेच घासा. आता आजींनी शिकवलेली युक्ती: काडी खाली, सफरचंद वर असं उलटं धरून दहा सेकंद संथपणे फिरवत राहा. बुडाला साचलेलं कॅरमल परत बाजूंवर येतं आणि थर एकसारखा होतो. मग लोणी लावलेल्या कागदावर ठेवा.

बुडाशी थोडं पसरतंच. बोटभर कड तर सगळ्यांच्याच कॅरमल ॲपलला असते. पण तळहाताएवढी पसरली तर कॅरमल अजून गरम आहे, पाच मिनिटं थांबा. शेवटच्या दोन-तीन सफरचंदांपर्यंत ते घट्ट होतं, तेव्हा अगदी मंद आंचेवर मिनिटभर ठेवून ढवळा.

वरून काही लावायचं असेल तर बुडवल्यावर मिनिट-दोन मिनिटांनी. लगेच लावलं तर दाणे कॅरमलसकट खाली सरकतात, फार उशीर केला तर चिकटत नाहीत. शेंगदाणे खमंग भाजून, सालं पाखडून, भरड कुटायचे. उपवासाच्या उसळीला घालतो तसं बारीक कूट नको, त्याने वर धूळ बसल्यासारखं दिसतं आणि दाताखाली काही येत नाही. मी अर्ध्या सफरचंदांना दाणे लावते आणि अर्ध्यांना भाजलेले पांढरे तीळ. तिळाचं माझ्या अमेरिकन शेजाऱ्यांना दरवर्षी नवल वाटतं आणि तीच आधी संपतात. दुसऱ्यांच्या मुलांना देणार असाल तर दाण्यांची किंवा तिळाची ॲलर्जी आहे का हे आधी विचारा, आणि दाण्यांची सफरचंदं वेगळ्या ट्रेमध्ये ठेवा. चॉकलेट वगैरे हवं असेल तर कॅरमल पूर्ण आळल्यावर वितळवून वरून धार सोडा. मला ते जास्तीचं वाटतं. जाडसर मिठाचे चार दाणे मात्र जरूर टाकून पाहा.

कॅरमल करायला वेळच नसेल तर बाजारातल्या तयार कॅरमलच्या वड्या घ्या. साधारण ३०० ग्रॅम वड्या आणि दोन मोठे चमचे पाणी, मंद आंचेवर वितळवून पाच सफरचंदं होतात. चव सपाट असते, पण मुलांच्या पार्टीला चालून जातं. मेण काढायची पायरी तिथेही तीच.

ठेवणं आणि खाणं

इथे ओलीचा प्रश्न नुसत्या दिसण्याचा राहत नाही. २०१४ च्या अखेरीस अमेरिकेत दुकानांतून विकलेल्या कॅरमल ॲपलमधून लिस्टेरिया या जंतूची लागण झाली. १२ राज्यांत ३५ माणसं आजारी पडली, त्यांतली सात दगावली. तोपर्यंत कॅरमल ॲपल सुरक्षित मानत, आणि त्याला कारणही होतं: सफरचंद आंबट, त्यात हा जंतू वाढत नाही. कॅरमलमध्ये पाणी इतकं कमी की तिथेही वाढत नाही. पण काडी खोचल्यावर रस बाहेर येतो आणि कॅरमलच्या खाली, सालीला लागून, पातळसा ओला थर तयार होतो. तो ना पुरेसा आंबट, ना पुरेसा कोरडा. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी नंतर तपासलं तेव्हा काडी लावलेल्या, घरातल्या तापमानाला ठेवलेल्या सफरचंदांवर हा जंतू तीन दिवसांत हजारपट झाला. काडी नसलेल्यांवर वाढ सावकाश होती, आणि फ्रिजमध्ये ठेवलेल्यांवर त्याहून सावकाश.

म्हणून माझ्या घरचा नियम: ज्या दिवशी केली त्या दिवशी बाहेर, उरली तर त्याच रात्री फ्रिजमध्ये, आणि तीन दिवसांत संपवायची. गरोदर बाई, म्हातारी माणसं किंवा आजारातून उठलेलं कुणी असेल तर त्यांना ताजं, त्याच दिवशीचंच द्यायचं. आणि सफरचंदं आधी धुतलेली असतातच, त्यामुळे धुतल्यावर ज्या ओट्यावर किंवा पंच्यावर ठेवता तोही स्वच्छ असू द्या.

फ्रिजमध्ये ठेवताना प्रत्येक सफरचंद बटर पेपरात गुंडाळून डब्यात ठेवा. बाहेर काढलं की कागद लगेच सोडू नका. अर्धा तास गुंडाळलेलंच राहू द्या. दव कागदावर धरेल, कॅरमलवर नाही. तोवर कॅरमलही मऊ होतं. थेट फ्रिजमधून काढून चावलं तर दाढेचं सिमेंट निघण्याची खरी भीती असते.

लहान मुलांना अख्खं देऊ नका. धारदार सुरीला लोण्याचा हात लावा, काडीच्या दोन्ही बाजूंनी गाल उतरवा, मग उरलेल्या दोन बाजू, आणि फोडी करून बशीत मांडा. प्रत्येक फोडीला एका कडेला कॅरमल आणि बाकी पांढरा आंबट गर. मला स्वतःला हे अख्ख्यापेक्षा जास्त आवडतं.

पातेल्यात उरलेलं कॅरमल लोणी लावलेल्या ताटलीत ओता, निवल्यावर वड्या पाडून कागदात गुंडाळा. पातेलं खरवडत बसू नका. काठोकाठ पाणी भरा, उलथा आणि तापमापकही त्यातच टाका, उकळी आणा, आणि दहा मिनिटांनी सगळं धुऊन निघतं. ते कॅरमलचं पाणी टाकायच्या आधी माझी मुलगी पेल्यात घेऊन त्यात गरम दूध ओतते आणि पिते.